बाररूमचा निळा पहारेकरी

वकिलांजवळ किस्से फार, असं लोक म्हणतात. त्यात आमचं कर्तृत्व काही नाही. कोर्टात तारीख पडते, पक्षकार गावची मोटार धरतो आणि वकील बाररूममध्ये येऊन बसतो. आता रिकामा बसलेला वकील गप्प थोडाच बसणार? एकानं एक सांगितलं की दुसऱ्याला दुसरं आठवतं, आणि तारखा साठतात तसे किस्से साठत जातात. फरक इतकाच, की तारखांचा कधी ना कधी निकाल लागतो, किस्से मात्र पडूनच राहतात. कधी संध्याकाळी डोळे मिटून पडलो की मला त्यातले काही ऐकू येतात. हो, ऐकूच येतात, कारण ते सगळे एका रेडिओभोवतीचे आहेत.

राज्यं तेव्हा नुकतीच नव्यानं मांडली गेली होती. आमचा वऱ्हाड आधी नागपूरकडे तोंड करून बसायचा, त्याला आता मुंबईकडे तोंड फिरवायला सांगितलं होतं. मी पातूरहून अकोल्याला येऊन नवीनच वकिली सुरू केली होती. म्हणजे काळा कोट आला होता, कामं यायची होती.

बाररूममधला रेडिओ एका जिनिंगवाल्या पक्षकारानं वाटणीचा दावा जिंकल्याच्या आनंदात आणून दिला होता. चांगला लाकडी, ट्रंकेएवढा, आणि समोर मधोमध एक हिरवा डोळा. बटण फिरवलं की आधी काहीच व्हायचं नाही. मग तो डोळा सावकाश उजळायचा, आणि स्टेशन नीट लागलं की मांजरासारखा बारीक व्हायचा. हिवाळ्यात जिनिंगचा कापूस हवेत तरंगत असायचा. खिडकीतून आत येऊन कोणाच्या कोटावर, कोणाच्या टकलावर अलगद बसायचा. कोर्ट उठलेलं, उन्हं निंबाखाली उतरलेली, आवारात चिटपाखरू नाही. अशा वेळी दर बुधवारी ती श्रुतिका लागायची. ‘निळा पहारेकरी’.

हा पहारेकरी भिंतीतून आरपार जायचा. दहा कोसांवरचं रडणं त्याला ऐकू यायचं, आणि भरलेली पूर्णा तो एका उडीत ओलांडायचा. गावावर संकट आलं की काठीचे तीन ठोके पडायचे, आणि शेवटी सगळं निस्तरल्यावर एक खोल, शांत आवाज यायचा: “निजा खुशाल. मी जागा आहे.”

पोरासोरांचा कार्यक्रम होता तो. पण पोरं त्या वेळी मैदानावर असायची, आणि ऐकायला बसायचे जिल्ह्यातले नामांकित वकील.

* * *

बसायची पद्धत कोर्टातल्यासारखीच होती. पुढं सीनियर, मागं ज्यूनियर, आणि रेडिओला लागून असलेली वेताची खुर्ची नानासाहेबांची.

नानासाहेब म्हणजे फौजदारीतलं मोठं नाव. एके काळी त्यांची उलटतपासणी ऐकायला कॉलेजातली मुलं यायची म्हणे. मी आलो तोवर काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. मी त्यांना कागद वाचून दाखवायचो आणि संध्याकाळी हात धरून घरी सोडायचो. बायको वारलेली, मुलगा जबलपूरला सरकारी नोकरीत. राज्य फुटलं तेव्हा मुलगा त्या बाजूला गेला आणि बाप या बाजूला राहिला.

एका बुधवारी वाद निघाला की निळा म्हणजे नेमका कसा निळा. ठोसर हे दिवाणी वकील, अत्यंत काटेकोर. ते म्हणाले, “दौतीतल्या शाईचा. दुसरा निळा असूच शकत नाही.”

गुलाबराव मूर्तिजापूरकडचे, घरची काळी जमीन, आवाज असा की कुजबुजले तरी आवारात ऐकू जावं. ते म्हणाले, “शाईचा कावून? माह्या मनात तं तो जवसाच्या फुलावानी हाये. सकाळच्या पारी जवस फुलते ना, तसा.”

दोन्ही बाजूंनी साक्षीपुरावा झाला. शेवटी कोणीतरी नानासाहेबांना विचारलं, आणि विचारल्यावर आपण काय विचारलं ते त्याच्या लक्षात आलं. सगळे खाली बघायला लागले.

नानासाहेब हसले. म्हणाले, “अरे, बाहेर तुम्ही डोळस आणि मी आंधळा. या पेटीसमोर सगळेच आंधळे. तेव्हा इथं सीनियर मी. लिहून घ्या, जवसाचा.”

* * *

बुधवारी आमच्या कोर्टात युक्तिवाद फार आटोपशीर व्हायचे. एरवी एका मुद्द्यावर तासभर बोलणारे ठोसर बुधवारी “बाकी सारं लेखी दिलंच आहे” म्हणून खाली बसायचे. पक्षकारांना वाटायचं, वकीलसाहेबांचा आपल्या केसवर केवढा विश्वास!

तेव्हा एक मुन्सफ नवीनच बदलून आले होते. अबोल, करडे. एका बुधवारी गुलाबरावांच्या समोरचा वकील भलताच लांबला. घड्याळ पुढं सरकत होतं आणि गुलाबराव नुसते खुर्चीत चुळबुळत होते. शेवटी मुन्सफच म्हणाले, “वकीलसाहेब, आवरा आता. उरलेलं उद्या ऐकू. आज पहारेकरी नदीपाशी येऊन थांबलेला आहे.”

एवढं बोलून ते उठले आणि आत गेले. त्या दिवसापासून त्यांच्या निकालांवर अपिलं जरा कमी झाली, असं माझं मत आहे.

* * *

गुलाबरावांच्या उलटतपासणीचा एक किस्सा तर अजून सांगतात.

चोरीची केस होती. फिर्यादीचा साक्षीदार पातूरकडचा एक म्हातारा शेतकरी. त्यानं सांगितलं की अंधाऱ्या रात्री आपण चोराला ओळखलं. गुलाबरावांनी त्याला बरोबर कोंडीत धरलं. कंदील नव्हता, हे कबूल करून घेतलं. अवस होती, हेही कबूल करून घेतलं. मधे तुरीचं शेत उभं होतं, हेसुद्धा. मग कोटाची कॉलर सारखी करून छातीवर हात बांधले आणि विचारलं, “म्हणजे बाप्पा, दिसत काहीच नव्हतं. अन् तुमी म्हणता आमी पायलं. ते कसं काय?”

म्हातारा म्हणाला, “साहेब, मागच्या बुधवारी मी इथं तारखेले आलतो. तुमी सारे वकील लोकं त्या पेटीम्होरं डोये मिटून बसून राहिले होते. अन् तुमी एकदम वरडले, ‘तो पाहा, तो पाहा, आला!’ म्या त्या पेटीत लय पायलं. मले तं कोणीच दिसलं नाही. तुमाले जसं दिसलं तसंच मले दिसलं.”

गुलाबराव खाली बसले.

बाररूममध्ये हे ऐकून सगळ्यात जास्त हसले ते नानासाहेब. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, “माझ्या साऱ्या वकिलीत इतका खरा साक्षीदार मला भेटला नाही.”

* * *

आणि मग एका बुधवारी श्रुतिका संपल्यावर निवेदकानं सांगितलं, पुढच्या महिन्यापासून ‘निळा पहारेकरी’ आपल्या स्टेशनवरून लागणार नाही. तो आता पश्चिमेकडच्या त्या लांबच्या मोठ्या स्टेशनवरून लागेल.

एवढं बोलून त्यानं कापसाचे बाजारभाव सुरू केले. आमच्यातल्या एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं, आणि वऱ्हाडातल्या माणसाचं कापसाच्या भावाकडे लक्ष नसणं ही साधी गोष्ट नाही.

“राजधानी गेली, तई आमी काही बोललो नाही,” गुलाबराव म्हणाले. “फायली गेल्या, सायेब लोकं गेले, तईबी नाही बोललो. पण पहारेकरी?”

मग शंका सुरू झाल्या. आवाज तोच राहील का? ठोसरांना वाटत होतं, तिकडं नवा नट घेतील आणि तो नाकातून बोलेल. कोणी म्हणालं, तिकडं समुद्र आहे, म्हणजे आता पूर्णा सुटली आणि गलबतं आली. गुलाबरावांचं दुःख वेगळंच होतं. “इथं तो ज्वारीची भाकर खाऊन उडी मारे. तिकडं त्याले पाव देईन कोणी. पावावर किती उडीन तो?”

नानासाहेबांनी फक्त एकच विचारलं. “ते स्टेशन इथं लागतं का?”

ते स्टेशन अकोल्यात लागायचं, पण त्यात शब्द कमी आणि खरखर जास्त असायची. हे त्यांच्यासह सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी मी त्यांना घरी सोडायला निघालो. काठीनं वाट चाचपत ते निम्म्या रस्त्यापर्यंत आले. मग म्हणाले, “प्रभाकर केव्हाचा बोलावतोय जबलपूरला. मी म्हणतो, कामं आहेत. कसली कामं? कागद तू वाचतोस, युक्तिवाद गुलाबराव करतात, मी खुर्ची अडवून बसतो. बुधवारी तेवढं वाटतं की मी अजून या कोर्टात आहे. तेही गेलं तर सनद परत करतो आणि जातो मुलाकडे.”

रस्त्याला लोकांच्या घराघरांतून चुलींचा धूर येत होता. मला त्यांना थांबा म्हणायचं होतं. पण त्यांच्याच मुलाच्या घरी जाऊ नका असं मी कोणत्या तोंडानं सांगणार? मी नुसता त्यांचा हात जरा घट्ट धरला.

* * *

मी हे दुसऱ्या दिवशी गुलाबरावांना सांगितलं, गुलाबरावांनी ठोसरांना, आणि ठोसर म्हणाले, “अर्ज करू.”

दुसऱ्या कोणी स्टेशनला साधं कार्ड टाकलं असतं. पण ठोसरांना साधं कार्ड लिहिताच येत नव्हतं. त्यांनी रीतसर मसुदा केला. अर्जदार, अकोल्याचे समस्त श्रोते, वय सज्ञान, धंदा वकिली. प्रतिवादी, स्टेशनचे अधिकारी. विनंती, की पहारेकऱ्याच्या बदलीला निकाल लागेपर्यंत मनाई हुकूम द्यावा.

मग अधिकारक्षेत्राचा मुद्दा निघाला. श्रुतिका होते एका गावात, ऐकू येते दुसऱ्या गावात, मग दाव्याचं कारण घडलं कुठं? त्यावर दोन दिवस खल झाला आणि असं ठरलं की पहारेकरी जाण्याची भीती अकोल्यात वाटते, तेव्हा कारण अकोल्यात घडलं. कोर्ट फीचं तिकीट लावायचं की नाही यावरही मतभेद झाले. शेवटी, लावलेलं बरं, म्हणून लावलं.

मसुदा पुरा झाला आणि ठोसरांच्या कपाळाला आठी पडली. “निळा पहारेकरी हा आवश्यक पक्षकार आहे. त्याला सामील केलं नाही तर अर्ज फेटाळतील.”

मग त्यालाही घातलं. प्रतिवादी क्रमांक दोन, निळा पहारेकरी, वय ठाऊक नाही, धंदा पहारा, राहणार... इथं येऊन लेखणी थांबली. पत्ता कोणालाच माहीत नव्हता.

नानासाहेब खुर्चीतून म्हणाले, “लिहा. राहणार, कोणी हाक मारील तिथं.”

अर्ज गेला. स्टेशनचं उत्तरही आलं. त्यांनी आमच्या रसिकतेबद्दल आभार मानले होते आणि आमच्या सूचनेचा यथावकाश विचार करू म्हटलं होतं. ठोसरांनी ते मोठ्यानं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, “तारीख पडली.”

* * *

अमरावतीला ते लांबचं स्टेशन चांगलं लागतं, अशी बातमी गुलाबरावांनी आणली. राजापेठेत एक जुने वकील राहत होते, त्यांच्याकडे म्हणे शब्दन् शब्द ऐकू यायचा. ही काय करामत आहे ते पाहायला आम्ही तिघं मुद्दाम गेलो.

वकीलसाहेब घरी होते, पण बैठकीत त्यांच्या बाईच होत्या. चहा, चिवडा झाला. बाईंनी रेडिओ लावला, आणि खरोखर, आवाज असा स्वच्छ की माजघरात कोणी बोलावं. संगीताचा कार्यक्रम होता. बाई मांडीवर ताल धरून डोलत होत्या. पण वकीलसाहेबांचा पत्ता नाही.

“साहेब कुठं आहेत?” ठोसरांनी विचारलं.

“गच्चीवर,” बाई म्हणाल्या.

आम्ही वर गेलो. वकीलसाहेब धोतराचा काचा मारून, एका हातात उंच बांबू आणि बांबूला तांब्याची तार, असे पश्चिमेकडे तोंड करून उभे होते. समोर सूर्य बुडत होता. गुलाबराव म्हणाले, “हे काय हो साहेब? तुमी नाही ऐकत?”

“ती ऐकते. मी तार धरतो,” ते म्हणाले. “लग्न झाल्यापासून असंच चाललंय. काही बिघडलं नाही आमचं.”

* * *

तार धरायला कोणी उभं राहणं बाररूमला शोभलं नसतं. म्हणून आम्ही छपरापासून आवारातल्या निंबापर्यंत तार ताणली. फरक फारसा पडला नाही. खरखर आधी बारीक होती, ती जाड झाली.

एक दिवस मात्र एकदम आवाज मोकळा झाला. बातम्यांतलं वाक्यच्या वाक्य ऐकू आलं. आम्ही बाहेर येऊन पाहिलं तर एक भलं मोठं वानर तारेवर निवांत बसलं होतं. ठोसर हुसकावायला काठी घेऊन धावले. गुलाबरावांनी त्यांचा कोट धरला.

“हाकलू नका त्याले,” ते म्हणाले. “वकीलपत्र नाही, तरी काम करून राहिला बिचारा.”

पण वानराला बुधवारचं महत्त्व कोण सांगणार? ते पुन्हा काही आलं नाही.

* * *

नव्या स्टेशनचा पहिला बुधवार आला. सगळे वेळेवर आले होते, पण कोणी कोणाकडे बघत नव्हतं. गुलाबरावांनी बटण फिरवलं, डोळा उजळला, आणि आतून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज सुरू झाला. त्यात कुठं तरी, फार लांब, माणूस बोलत होता. पण तो काय बोलत होता ते देवालाच ठाऊक.

असा बराच वेळ गेला. गुलाबराव रेडिओ बंद करायला उठणार, तेवढ्यात नानासाहेबांनी हात वर केला. खुर्ची पुढं ओढली आणि कान जाळीला लावला.

“थांबा,” ते म्हणाले. “मला येतंय ऐकू.”

कोर्टात साक्षीदार बोलतो आणि न्यायाधीश त्याचं म्हणणं थांबून थांबून, वाक्यं जुळवून लिहायला सांगतात. नानासाहेबांनी तशीच सुरुवात केली. थोडं ऐकायचे आणि सांगायचे. “पहारेकरी पहाडाच्या पायथ्याशी आलेला आहे. तिथं एक आटलेली विहीर आहे. विहिरीतून गाणं ऐकू येतंय. गाणारी कोणी दिसत नाही.”

आवाज कोर्टातलाच होता, पण फार हळू. बाहेर सांजावलं होतं, कापूस तरंगत होता, आणि ती विहीर मला समोर दिसायला लागली. तिच्या काठाला उंबर होता. उंबराचं नाव नानासाहेबांनी घेतलं नव्हतं, पण होता. संकट आलं तेव्हा त्यांनी आपल्या काठीचे तीन ठोके जमिनीवर मारले आणि शेवटी म्हणाले, “निजा खुशाल. मी जागा आहे.”

गुलाबरावांनी लांब सुस्कारा सोडला. “बाप्पा. तोच हाये. बदलला नाही.”

नानासाहेबांनी आंधळ्या माणसाचा कान किती तीक्ष्ण असतो यावर आम्हाला दोन शब्द सांगितले, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी घरी जाताना ते वाटभर बोलत होते. जबलपूरचा विषय निघाला नाही.

* * *

पुढचे बुधवार असेच गेले. पहारेकरी तिकडं गेल्यापासून उलट जास्तच रंगला, असं माझं मत झालं होतं. पाव त्याला मानवला होता.

ठोसर मात्र बेचैन होते. एका बुधवारी त्या खरखरीतून त्यांना सतारीसारखं काही ऐकू आलं. मला स्वतःला एकदा ‘शेणखत’ हा शब्द स्पष्ट ऐकू आला होता. मी तो गिळून टाकला. ठोसरांना गिळणं जमत नाही. पहारेकरी एका भुयारात शिरलेला असताना ते उभे राहिले.

“नानासाहेब, मागच्या बुधवारी तो नदीच्या पलीकडे होता. आज अलीकडच्या भुयारात कसा? मधे नदी ओलांडल्याचं कुठंच आलेलं नाही.”

गुलाबरावांनी ठोसरांचा कोट धरून त्यांना खाली ओढायचा प्रयत्न केला.

नानासाहेबांनी कान जाळीवरून हलवलासुद्धा नाही. “ठोसर,” ते म्हणाले, “सरतपासणी चालू आहे. उलटतपासणी मागून.”

ठोसर बसले. पुढच्या बुधवारी भाग सुरू होताच नानासाहेब म्हणाले, “मागं सांगायचं राहिलं. त्यानं नदी ओलांडली होती. ठोसरांनी नोंद घ्यावी.”

* * *

आता शेवटचा.

हिवाळा सरत आला होता. प्रभाकर जबलपूरहून आला. स्टेशनच्या बदलीची गोष्ट नानासाहेबांनीच त्याला मागं कधी तरी कळवली होती, सनद परत करून येतो म्हणून. मग तेच टाळाटाळ करायला लागले, तेव्हा तो स्वतः न्यायला आला. भला माणूस होता. “इथं हे एकटे असतात, स्वयंपाकाच्या बाई दुपारीच जातात. पडले-बिडले तर?” असं तो मला म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. वळकटी बांधून झाली. नानासाहेब एवढंच म्हणाले, “आज बुधवार आहे. बाररूममध्ये जाऊन येऊ.”

प्रभाकर मागच्या बाकावर बसला, जिथं पक्षकार बसतात. आम्ही सगळे होतो. गुलाबरावांनी डोळे आधीच पुसून घेतले होते, पण कापूस गेला म्हणत होते. रेडिओ लागला, डोळा उजळला, खरखर सुरू झाली. प्रभाकर चमकून आमच्याकडे बघायला लागला. त्याला खरखरीशिवाय काही ऐकू येत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. नानासाहेबांनी कान लावला.

“पहारेकऱ्याला हुकूम आलेला आहे,” ते सांगायला लागले. “हे गाव सोडायचं. लांबच्या मोठ्या शहरात पहारा द्यायचा. तिथं त्याचं बरं होईल. हुकूम देणारा त्याचा वैरी नाही, मायेचा माणूस आहे. पहारेकरी निघाला. त्याच्याजवळ सामान काही नाही, नुसती काठी. तो गल्लीतून चालला आहे. लोक निजले आहेत.”

आणि दिवे गेले.

त्या काळी ते नेहमीचंच होतं. वरचा बल्ब विझला. रेडिओचा हिरवा डोळा बारीक होत होत मिटला. खरखर थांबली. लांब जिनिंगची घरघर चालू असायची, तीही थांबली. बाररूममध्ये पार अंधार झाला, आणि इतकं सामसूम की निंबाची पानं ऐकू यावीत.

डोळे नसले तरी नानासाहेबांना कान होते. खरखर थांबलेली त्यांना कळली नसेल, असं कोणीही म्हणणार नाही. ते गप्प झाले. मला वाटलं, संपलं.

मग अंधारातून त्यांचा आवाज आला. अगदी शांत.

“पहारेकरी वेशीपाशी थांबला आहे. सगळीकडे सामसूम आहे. तो मागं वळून बघत नाही. नुसता कान देऊन उभा आहे. कोणी हाक मारली तर थांबायचं, नाही तर उडी घ्यायची.”

एवढं बोलून तेही थांबले.

आम्ही दिवसभर तोंडाची वाफ दवडणारी माणसं. पण त्या अंधारात एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. गुलाबराव माझ्या शेजारी होते, त्यांनी माझी बाही धरली. ठोसरांचा श्वास ऐकू येत होता. पण हाक आम्ही मारून उपयोग नव्हता, हे प्रत्येकाला कळत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मागच्या बाकाची लाकडं कुरकुरली. कोणीतरी उठलं, चाचपडत पुढं आलं, आणि वेताच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलं.

“नाना,” प्रभाकर म्हणाला, “मग? पुढं?”

नानासाहेबांनी हातानं चाचपून रेडिओचं बटण शोधलं आणि बंद केलं.

“ते आता बुधवारी,” ते म्हणाले.